मारबत

नागपूर येथील एक लोकोत्सव व त्यात मिरविली जाणारी उग्र स्वरूपाची स्त्रीप्रतिमा. श्रावण अमावास्येला पोळा झाल्यावर दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, विदर्भात तान्हा पोळा साजरा होतो. त्या दिवशी मुले लाकडी बैल मिरवितात. त्याच दिवशी नागपूरच्या इतवारी–महाल भागातून मारबत व बडग्या यांच्या मिरवणुका निघतात आणि अखेरीस या प्रतिमांचे दहन करण्यात येते. रोगराई व अरिष्टे एका प्रतिमेवर सोपवून तिला वस्तीबाहेर घालविणे, ही या प्रथेमागील मूळ कल्पना होय.

हीच कल्पना पूर्व विदर्भातील खेड्यांत अधिक साध्या रूपात आढळते. पोळ्याच्या सायंकाळी घराच्या दारापुढे पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून, ‘घेऊन जा गे मारबत’ असा पुकारा करीत, गावाच्या शिवेबाहेर टाकतात. पावसाळ्याचे हे दिवस साथीच्या रोगांचे व पिकांवरील किडींचे असल्याने प्रथेचा काळही सूचक आहे.

नागपुरात काळी व पिवळी अशा दोन प्रमुख मारबती आहेत. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून, तर तऱ्हाणे तेली समाजाच्या पिवळ्या मारबतीची १८८५ पासून सांगितली जाते. पिवळी मारबत जागनाथ बुधवारी भागातून निघते. दोन्ही मारबती इतवारीत समोरासमोर येतात, तो क्षण पाहण्यासाठी मोठी गर्दी लोटते. काळी मारबत अनिष्टाची मूर्ती समजली जाते. पिवळीला मात्र संरक्षक देवतेचे स्थान असून मिरवणुकीपूर्वी तिची पूजा करतात, तिला नवस बोलतात.

काळ्या मारबतीचा संबंध लोकपरंपरा नागपूरकर भोसले घराण्यातील बांकाबाईंशी जोडते. दुसरे रघूजी भोसले यांच्या या पत्नीने इंग्रजांना साहाय्य केले, त्याच्या निषेधार्थ प्रतिमा जाळण्यास प्रारंभ झाला, असे सांगतात. इंग्रजांनी नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा केले आणि १८५७ च्या उठावाच्या वेळी बांकाबाईंनी इंग्रजांच्या बाजूने आपले वजन खर्च केले. तथापि त्यांचा मृत्यू १८५८ चा व मारबतीचा प्रारंभ १८८१ चा, हे अंतर लक्षणीय आहे. दुसऱ्या एका समजुतीनुसार काळी मारबत म्हणजे कृष्णाने मारलेली पूतना. रोग घालविण्याचा जुना विधी आणि राज्य गेल्याची सल यांची येथे सांगड घातली गेली असावी. मात्र त्यामुळे एका ऐतिहासिक स्त्रीची स्मृती लोकमानसात मुख्यत्वे दहनाच्या प्रतिमेतून उरली, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

प्रतिमेसाठी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधतात व त्यावर कागद आणि कापड चढवून रंगकाम करतात. मोठे डोळे, बाहेर आलेली जीभ व ठळक रंग यांमुळे ती दुरूनही उग्र दिसते. सामग्री हलकी असल्याने वाहून नेण्यास सोयीची असते व चटकन जळते. बडग्या हा पुरुषरूप पुतळा. काहींच्या मते तो मारबतीचा पती होय. बडग्यांतून महागाई, भ्रष्टाचार, हुंडा अशा प्रश्नांवर व सत्ताधाऱ्यांवर उपरोधिक टीका केली जाते. त्यांचे विषय दरवर्षी बदलतात. मारबतीचे रूप मात्र ठरलेले असते.

भीतीला दृश्य रूप देण्याची प्रवृत्ती इतरत्रही आढळते. पाश्चात्त्य देशांत ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला भुताखेतांचे वेष घेतात व भूतबंगले उभारतात. भूतबंगल्यात प्रेक्षक पैसे देऊन अंधाऱ्या खोल्यांत शिरतो व घाबरण्याची मौज अनुभवतो. मारबतीत याच्या उलट घडते : भय भर दिवसा रस्त्यावर आणले जाते, त्याला नाव घेऊन हाकलले जाते आणि सर्वांदेखत जाळले जाते. मौज दोहोंत आहे. परंतु मारबतीतील भय समाईक असते व त्याच्या निवारणात सारी वस्ती सहभागी होते.

२०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे मिरवणुकीच्या परंपरेत खंड पडला. साथ घालविण्यासाठी निघणारी मिरवणूक साथीमुळेच थांबावी, हा विरोधाभास त्या वर्षी प्रकर्षाने जाणवला. निर्बंध उठल्यानंतर मारबती पुन्हा रस्त्यावर आल्या.