अधिकारी बाहेर थांबतात, घर निर्णय घेते

मुलाची आबाळ होते आहे किंवा त्याला मारहाण होते आहे अशी तक्रार आली, की बहुतेक देशांत पुढचा क्रम ठरलेला असतो. सामाजिक कार्यकर्ता घरी जाऊन चौकशी करतो, अहवाल लिहितो, अधिकाऱ्यांची बैठक होते आणि मूल कुठे राहणार हे आईवडिलांना कळवले जाते. न्यूझीलंडने १९८९ साली हा क्रम कायद्यानेच बदलला. तिथे तोडगा काढण्याची पहिली संधी मुलाच्या नातेवाइकांना मिळते. आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावश्या एकत्र बसून बोलतात, आणि ते बोलत असताना, त्यांनीच थांबवून घेतले नाही तर, सरकारी माणसांना खोलीत बसण्याचा हक्क नसतो. या बैठकीला ‘फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स’ म्हणतात. बालकल्याणाच्या क्षेत्रात कुटुंबावर इतका भरवसा टाकणारी कायदेशीर व्यवस्था त्याआधी क्वचितच कुठे झाली असेल.

या कल्पनेचे मूळ माओरी समाजाच्या वेदनेत आहे. न्यूझीलंडच्या या मूळ रहिवाशांची मुले कित्येक दशके फार मोठ्या प्रमाणात सरकारी संस्थांमध्ये आणि परक्या घरांत ठेवली गेली. माओरी जीवनात मूल एकट्या आईबापांचे नसते. ते ‘फानाऊ’चे, म्हणजे विस्तारित कुटुंबाचे असते, आणि त्यापलीकडे ‘हापू’ व ‘ईवी’ या कुळ-जमातींचेही असते. नात्यातल्या कुणी तरी मूल वाढवण्याची ‘फांगाई’ ही त्यांची जुनी रीत आहे. तिच्यात मुलाला आपले जन्मदाते कोण हे ठाऊक असते आणि मूळ घराशी त्याची नाळ तुटत नाही. सरकारी दप्तरात मात्र या नात्यांना जागा नव्हती. आईवडील असमर्थ ठरले की मूल निराधार धरले जाई.

१९८५ मध्ये समाजकल्याण मंत्री अ‍ॅन हर्कस यांनी या खात्याचा कारभार माओरींच्या नजरेतून तपासण्यासाठी समिती नेमली. तुहोई जमातीचे जाणते पुढारी जॉन रांगिहाऊ तिचे अध्यक्ष होते. समिती देशभर फिरली आणि ‘मराए’ म्हणजे माओरींच्या सामुदायिक सभास्थानांवर बसून तिने लोकांचे म्हणणे ऐकून घेतले. १९८६ साली ‘पुआओ-ते-आता-तू’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. खात्याच्या रचनेतच वंशभेद मुरला आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९८९ रोजी, मुले, तरुण आणि त्यांची कुटुंबे यांच्याविषयीचा नवा कायदा अमलात आला. तो सर्वच समाजांतील मुलांना लागू आहे.

बैठकीचे काम खोलीत शिरण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. एका समन्वयकावर तिची जबाबदारी असते. समजा, आठ वर्षांच्या मुलीची आई दारूच्या आहारी गेली आहे आणि वडील घर सोडून गेले आहेत. समन्वयक आईला विचारतो, मुलीला विचारतो, मग नात्यांचा माग काढू लागतो. दूरच्या गावी राहणारी वडिलांची आई, बोलणे बंद झालेला मामा, अशी माणसे शोधून काढतो. बैठक कुठे, केव्हा आणि कोणत्या रीतीने घ्यायची हे कुटुंबाला विचारून ठरते. ती मराएवर होऊ शकते, एखाद्या सभागृहात होऊ शकते. कुटुंबाची इच्छा असेल तर प्रार्थनेने सुरुवात होते.

पहिल्या टप्प्यात माहिती दिली जाते. काय घडले आणि कशाची भीती वाटते हे सामाजिक कार्यकर्ता सर्वांना समजेल अशा भाषेत सांगतो. शिक्षक किंवा डॉक्टर आपले म्हणणे मांडतात. कुटुंबाने हवे ते प्रश्न विचारायचे. मग दुसरा टप्पा येतो. कार्यकर्ता, डॉक्टर, समन्वयक उठून बाहेर जातात आणि आत फक्त घरची माणसे उरतात. या वेळात काय काय होत असेल, याची कल्पना नात्यागोत्यात वाढलेल्या कुणालाही करता येईल. जुनी भांडणे निघतात, कुणी रडते, कुणी रागावते आणि मग हळूहळू कामाचे बोलणे सुरू होते. मुलगी आजीकडे राहील. शाळेतून आणायचे काम मावशी करील. शनिवारी आई भेटेल, पण आत्याच्या समोर. आईने पुन्हा प्यायला सुरुवात केली तर पहिला फोन कुणाला जाईल, हेही ठरते. आजीच्या घरात जादा पलंग नसेल तर ती गरजही योजनेत लिहिली जाते.

तिसऱ्या टप्प्यात ही योजना अधिकाऱ्यांसमोर येते आणि सहमतीचा प्रयत्न होतो. तडजोडीच्या जागा इथे सापडतात. कायद्याची खरी ताकद यापुढे आहे. ठरलेली योजना उघडपणे अव्यवहार्य किंवा कायद्याच्या तत्त्वांशी विसंगत नसेल, तर ती अमलात आणणे खात्यावर बंधनकारक आहे. काही अपवाद वगळता, अशी बैठक झाल्याशिवाय मुलाला संरक्षणाची गरज असल्याचा आदेश न्यायालय देऊ शकत नाही. बैठकीत कुणी बोललेले पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे माणसे मन मोकळे करू शकतात. मुलाचे हित सर्वोच्च मानले आहे. ज्याच्या उपस्थितीने मुलाचे अहित होईल अशा नातेवाइकाला समन्वयक बाहेर ठेवू शकतो. एकमत झाले नाही तर न्यायालयाचा मार्ग खुला असतो. गुन्हा केलेल्या अल्पवयीन मुलांसाठीही अशाच बैठका होतात, आणि तिथे ज्याचे नुकसान झाले त्यालाही बोलावले जाते.

१९९० नंतर ही पद्धत दूरवर पसरली. ब्रिटन, कॅनडा, स्वीडन, नॉर्वे इथे ती रुजली. आयर्लंडने २००१ च्या बालकायद्यात तिला स्थान दिले. नेदरलँड्समध्ये २०१५ पासून लागू झालेल्या कायद्याने आधी स्वतःची योजना आखण्याची संधी कुटुंबाला दिली. परिणामांबद्दलचे संशोधन एकमुखी नाही. स्वीडनमधल्या २००४ च्या अभ्यासात मुलांना फायदा झालेला दिसला नाही. उलट इंग्लंडमध्ये २०२३ साली जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत, अशा बैठकीकडे पाठवलेल्या कुटुंबांतील सुमारे ३६ टक्के मुले वर्षभराने सरकारी देखभालीत होती. ज्यांना ही संधी मिळाली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते.

ज्या देशात ही पद्धत जन्मली तिथेही ती आपोआप टिकली नाही. २०१९ मध्ये हेस्टिंग्ज शहरातल्या रुग्णालयात एका माओरी आईचे नवजात बाळ ताब्यात घेण्याचा सरकारी प्रयत्न झाला आणि देशभर संताप उसळला. २०२१ मध्ये वाइतांगी न्यायाधिकरणाने, माओरी मुले घरांपासून तोडण्यात सरकारने माओरींशी झालेल्या वाइतांगी कराराचा भंग केल्याचा निष्कर्ष काढला. २०२४ साली देखभालीतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या अंतिम अहवालाने, १९५० पासूनच्या सात दशकांत सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या देखभालीत सुमारे दोन लाख मुले व प्रौढ अत्याचाराला बळी पडल्याचा अंदाज मांडला. कायदा चांगला असला तरी समन्वयकाला नातेवाईक शोधायला वेळ दिला नाही, प्रवासाला पैसा दिला नाही, किंवा अधिकारी निर्णय आधीच ठरवून आले, तर बैठक नुसता सोपस्कार होते.

भारताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही कुटुंबाची जबाबदारी आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय ही तत्त्वे लिहिलेली आहेत. प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती आहे. मुलाला नात्यात किंवा घरात ठेवून आर्थिक मदत देण्यासाठी ‘मिशन वात्सल्य’ आणि महाराष्ट्राची बालसंगोपन योजना आहे. मामाकडे शिकायला ठेवलेली, आजोळी वाढलेली मुले आपल्या गावोगावी आहेत. म्हणजे माणसेही आहेत आणि तरतुदीही आहेत. उणीव आहे ती या माणसांना एका खोलीत बोलावण्याच्या सवयीची. गृहचौकशीच्या अहवालात आजीचे नाव नोंदवणे वेगळे आणि आजीला बोलावून ‘तुम्ही काय कराल, आणि त्यासाठी आमच्याकडून काय हवे?’ असे विचारणे वेगळे.

न्यूझीलंडच्या अनुभवातून कोणत्याही संस्थेला तीन गोष्टी उचलता येतील. आईवडिलांपलीकडची नाती चिकाटीने शोधावीत, खरी माहिती त्यांच्यापासून लपवू नये आणि त्यांनी ठरवलेले सुरक्षित असेल तर त्यामागे सरकारी पैसा व माणसे उभी करावीत. तिसरी गोष्ट सर्वांत महाग आहे आणि सर्वांत आधी टाळली जाते. तिच्याविना कुटुंबावर टाकलेला विश्वास म्हणजे सरकारने आपली जबाबदारी गरीब नातेवाइकांच्या गळ्यात मारणे होय. तिच्यासह तोच विश्वास एखाद्या मुलाला आपल्या माणसांत वाढण्याची संधी देऊ शकतो.