पाऊल नीट, तर गुडघा धीट!

मैत्रिणींनो, मुलं मोठी झाली, सकाळचा एक तास हाताशी आला, म्हणून तुमच्यापैकी कितीतरी जणींनी सायकल पुन्हा बाहेर काढली असेल. रोज वीस-पंचवीस किलोमीटर होऊ लागले, की कुणीतरी हमखास सुचवतं, "क्लीटचे बूट घ्या!" क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेला छोटा तुकडा. तो पायडलमध्ये खटकन अडकतो आणि टाच बाहेर फिरवली की सुटतो.

मीही घेतले ते बूट. दुकानातल्या मुलाने दोन मिनिटांत क्लीट आवळून दिल्या. पंधरा दिवसांत उजवा गुडघा आतल्या बाजूने ठणकू लागला. जिना उतरताना कठडा धरावा लागे. "आता पुरे झाली सायकल," हे म्हणाले. मलाही वाटलं, वयच झालं! पण दोष वयाचा नव्हता. उजवी क्लीट वाकडी बसली होती.

हिशेब करून पाहा. मिनिटाला ८० फेरे धरले, तर तासाभरात एकेक गुडघा ४,८०० वेळा वाकतो. साध्या चपलेत पाऊल आपणहून सरकून सोयीची जागा शोधतं. क्लीटमध्ये ते जखडलेलं असतं. मग किंचितसा वाकडेपणाही गुडघ्याला सोसत नाही.

जागा कशी शोधाल?

बूट घालून उभ्या राहा. अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा बोटाने चाचपा आणि बुटावर त्या जागी चिकटपट्टीची खूण करा. करंगळीच्या मुळाशीही तशीच खूण करा. ती थोडी मागे येईल. या दोन खुणांच्या मधोमध पायडलचा दांडा यावा, अशी क्लीट बसवायची. क्लीट फार पुढे गेली तर पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर ताण येतो, बोटांना मुंग्या येतात. तसं होत असेल तर क्लीट टाचेकडे जराशी सरकवा. बरीच मागे घेतली, तर सीटही किंचित खाली घ्यावी लागते.

वळण पायाचं पाहावं

टेबलाच्या कडेवर बसा, पाय सैल सोडा. पावलं सरळ लोंबतात की बाहेर वळतात? जी त्यांची सहज ठेवण, तीच सायकलवर राहिली पाहिजे. दोन्ही पायांची ठेवण सारखीच असेल असंही नाही. इथे हिशेब उलटा आहे बरं का! क्लीटचं टोक अंगठ्याकडे वळवलं, की बुटाचा चवडा बाहेर वळतो.

थोडी मोकळीक हवीच

काही क्लीटमध्ये पाऊल थोडं हलू शकतं. शिमानोच्या तीन स्क्रूच्या क्लीटमध्ये पिवळीला ६ अंश मोकळीक असते, निळीला २ आणि लाल तर अजिबात हलत नाही. नवशिक्या मैत्रिणींनी पिवळीच घ्यावी. वाटेत उतरून भाजी घ्यायची असेल, तर दोन स्क्रूची, तळात बुडालेली क्लीट बरी. तीन स्क्रूची गुळगुळीत फरशीवर घसरते!

एवढं लक्षात ठेवा

* जुन्या क्लीटभोवती पेनने रेघ मारून मगच ती सोडवा.
* स्क्रूला थोडं ग्रीस लावा आणि घट्ट आवळा. सैल क्लीट फिरते, पाय सुटत नाही आणि आपण आडव्या!
* एका वेळी एकच बदल, तोही एक-दोन मिलिमीटरचा. मग दोन-तीन दिवस चालवून पाहा.
* पायडलची पकड आधी सैल ठेवा. भिंतीला हात टेकून पाय अडकवणं-सोडवणं वीसेक वेळा करा. थांबण्याच्या आधीच पाय सोडवायची सवय लावा.
* गुडघ्याची वाटी दुखत असेल तर सीट फार खाली नाही ना, आणि गुडघ्यामागे दुखत असेल तर फार वर नाही ना, तेही बघा.
* सूज आली किंवा विश्रांती घेऊनही दुखणं राहिलं, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

एका रविवारी दुपारी मीच चटईवर बूट आणि ॲलन-की घेऊन बसले. उजवी क्लीट केसभर फिरवली, जरा मागे घेतली. तीन आठवड्यांनी जिना उतरताना हात कठड्याकडे गेला नाही, हे माझं मलाच उशिरा उमगलं. तेव्हा दुखण्यावर "वय झालं" असा शिक्का मारण्याआधी, बूट एकदा उलटा करून बघाल ना?