आकडीचे पोलाद

१८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने आलेल्या आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने चब यांचे ‘डिटेक्टर’ कुलूप सुमारे २५ मिनिटांत, आणि पिकॅडिलीतील दुकानाच्या काचेआड २०० गिनींच्या पैजेसह साठेक वर्षे मिरवत असलेले ब्रामा यांचे कुलूप १६ दिवसांवर विखुरलेल्या ५१ तासांच्या खटपटीने उघडले, तेव्हापासून विनाकिल्ली कुलूप उघडण्याच्या कसबाला चोरीच्या बदनामीबरोबरच विद्वत्तेचीही थोडी प्रतिष्ठा लाभली. १९९७ साली हॅम्बुर्गमध्ये हौशी लोकांनी या विद्येचे रीतसर मंडळच स्थापन केले. आणि स्वतःच्या मालकीचे नसलेले किंवा दारावर वापरात असलेले कुलूप हाती धरू नये, हा या हौशी जगाचा पहिला दंडक होय.

येल पद्धतीच्या कुलपातील खिळ्यांची भोके यंत्रावर कितीही काटेकोर पाडली तरी एका रेषेत तंतोतंत येत नाहीत, त्यामुळे नळकांड्याला हलका पीळ दिला असता खिळे एकदम न अडकता एकामागून एक अडकतात, आणि अडकलेला प्रत्येक खिळा योग्य उंचीवर बसताच होणारी अतिसूक्ष्म टिचकी बोटांपर्यंत पोचविणे हेच खिळे उचलणाऱ्या आकडीचे खरे काम. चित्रपटातील नायिकेची केसांची पिन येथे निरुपयोगी ठरते, कारण मऊ तार भाराखाली वाकते ती वाकलेलीच राहते.

येथे एक लोकभ्रम दूर केला पाहिजे. पाणी दिलेले पोलाद मऊ पोलादापेक्षा कमी वाकते असे नाही. दोहोंचा स्थितिस्थापकता-गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, म्हणजे जवळजवळ समानच. भेद एवढाच, की पाणी दिलेले पोलाद पुष्कळ अधिक वाकूनही पूर्वस्थितीस येते. ताठपणा हवा असेल तर तो आकारातून मिळवावा लागतो: भार पट्टीच्या कडेवर येत असल्यामुळे जाडीने ताठपणा तिच्या प्रमाणातच वाढतो, पण उंचीच्या मात्र घनाच्या प्रमाणात, आणि म्हणूनच २.५ मिलिमीटर उंचीचा दांडा कानसीने घासून २ मिलिमीटर केला की त्याचा निम्मा ताठपणा नाहीसा होतो. धातूच्या नावाने बोटे मोडणाऱ्या नवशिक्याने आधी आपली कानस तपासावी.

‘टेड द टूल’ या टोपणनावाने १९९१ साली प्रसृत झालेल्या, एमआयटीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुस्तिकेने रस्ते झाडणाऱ्या यंत्राच्या कुंच्यातील पोलादी काड्यांची आकडीसाठी शिफारस केली. गॅरेजमधील फीलर गेजची पाती तर नेमक्या जाडीची, तीही पात्यावरच कोरलेली. रुंद किल्लीवाटेस सुमारे ०.६ आणि अरुंद वाटेस ०.४ मिलिमीटर असा सर्वसाधारण हिशेब. हेक्सॉचे पाते सर्वत्र मिळते, परंतु त्याची जात पाहूनच ते घ्यावे: संपूर्ण हायस्पीड पोलादाचे पाते उष्णतेला दाद देत नाही, पण ठिसूळपणामुळे कुलपातच तुटते, आणि तो तुकडा बाहेर काढण्याइतके जिकिरीचे काम या छंदात दुसरे नाही.

कार्बन पोलाद सहाणयंत्रावर घासताना बोटाला चटका बसण्यापूर्वीच पाण्यात बुडवावे. सुमारे ३०० अंशांच्या निळ्या छटेच्याही पुढे जाऊन कड करडी झाली की तेथील पाणी उतरले असे समजावे. ३०१ जातीच्या स्टेनलेस पोलादाची तऱ्हा याहून निराळी. त्याचा कठीणपणा भट्टीतून आलेला नसून थंड अवस्थेत लाटण्यातून आलेला असतो, म्हणून एकदा लाल तापवून ते मऊ पडले की कितीही पाण्यात विझवले तरी पूर्वीचा कठीणपणा परतत नाही. ते सहजासहजी गंजत मात्र नाही, आणि दमट हवेत राहणाऱ्याला एवढ्यासाठीच मी ते सुचवीन.

पीळ देणाऱ्या पट्टीची तजवीज त्यामानाने सोपी आहे. मोटारीच्या जुन्या वायपरच्या रबरात दडलेली पोलादी पट्टी तिला पुरते. ती कोपऱ्यात वाकविण्यापूर्वी तेवढाच भाग तापवून मऊ करावा, नाहीतर ती वाकण्याऐवजी मोडू शकते.