बंद कॉम्प्युटरला वेळ कशी कळते?

डेस्कटॉप शटडाऊन केला, तरी भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत तो पूर्ण बंद नसतो. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स रचनेत पॉवर सप्लाय मदरबोर्डला सतत ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा करतो. जांभळी वायर असते ना, तीच ही! समोरचं पॉवर बटण थेट वीज जोडत नाही. ते मदरबोर्डला फक्त इशारा देतं. तो इशारा ओळखायला बोर्ड थोडा जागा असावा लागतो. कीबोर्डवरून किंवा नेटवर्कवरून पीसी सुरू करता येतो, तोही याच विजेवर.

मदरबोर्डवरचं घड्याळही या स्टँडबाय विजेवर चालतं. भिंतीवरचं बटण बंद केलं की त्याची जबाबदारी येते सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या गोल सेलवर. घड्याळातल्या ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलला इतकी कमी वीज लागते की सेल वर्षानुवर्षं पुरतो. मला हे इंजिनिअरिंग फार सुंदर वाटतं. स्टँडबाय असताना सेलवर भार जवळजवळ नसतोच. म्हणून महिनोन्‌महिने प्लग काढून ठेवलेल्या पीसीचा सेल लवकर संपतो.

तारीख सारखी मागे जाते? वेबसाइट सर्टिफिकेटची तक्रार करतात? आधी सेल तपासा. बदलताना केबल काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, अधिक चिन्ह असलेली बाजू बहुतेक बोर्डांवर वर येते. नंतर बायोसमध्ये तारीख आणि सेटिंग्ज पुन्हा लावा. हा सेल चार्ज करायचा नसतो.

आणि जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर जिवावर बेतू शकतं.