रिकामा सापळा काय सांगतो? कामगंध ल्युर आणि ऊन

आजच्या व्याख्यानाचा विषय अगदी छोटा आहे. बोटाच्या पेरावर मावेल एवढी रबराची एक गोळी, आणि तिच्यावर पडणारं ऊन. पण या गोळीच्या भरवशावर आपल्याकडे फवारणीचे निर्णय घेतले जातात. म्हणून ती उन्हात किती दिवस टिकते, का बिघडते आणि तिला कसं वाचवायचं, हे आज नीट समजून घेऊ.

गंधाची भाषा

कापसाच्या शेतात काठीला टांगलेला नरसाळ्यासारखा सापळा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. वर झाकण, खाली प्लास्टिकची लांब पिशवी. झाकणाच्या आतल्या बाजूला एक गोळी अडकवलेली असते. तिला शेतकरी ल्युर म्हणतात, आणि त्या सापळ्याला कामगंध सापळा. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, तोच गंध प्रयोगशाळेत बनवून या गोळीत मुरवलेला असतो. नर येतात, मादी काही सापडत नाही, आणि ते पिशवीत पडतात.

या गंधाला फेरोमोन म्हणतात. हा शब्द 1959 सालचा. त्याच वर्षी जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ बुटेनांट यांनी रेशीमकिड्याच्या मादीचा गंध ओळखल्याचं जाहीर केलं. त्यासाठी सुमारे 5 लाख माद्या आणि जवळजवळ 20 वर्षं लागली होती. हाती आलं ते काही मिलिग्रॅम. एवढ्याशा पदार्थासाठी एवढा खटाटोप का? कारण नराच्या मिशा त्याचे मोजके रेणूही टिपतात. आपल्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. ल्युर जिवंत आहे की मेली, हे वास घेऊन आपल्याला कळत नाही. दिसायला तर ती पहिल्या दिवशी आणि चाळिसाव्या दिवशी जवळपास सारखीच असते.

यात एवढं अडतं कुठे?

गुलाबी बोंडअळीचंच उदाहरण घेऊ. बी.टी. कापूस भारतात 2002 मध्ये आला, दोन जनुकांचं वाण 2006 मध्ये. पुढे या अळीने दोन्हींना दाद देणं बंद केलं, आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडंच्या बोंडं किडली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणजे गरज नसताना केलेली फवारणी हा फक्त पैशाचा प्रश्न नाही, आणि गरज असताना चुकलेली फवारणीही परवडत नाही.

आता अडचण अशी की ही अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात पात्यात, फुलात किंवा बोंडात शिरते. एकदा आत गेली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. बाहेरून बोंड चांगलं दिसतं. म्हणून अळी दिसायची वाट न पाहता पतंग मोजायचे. शिफारस अशी आहे: हेक्टरी 5 सापळे लावा, आणि सलग 3 रात्री दर सापळ्यात सरासरी 8 पतंग आले तर नुकसानीची पातळी गाठली असं समजा.

8 हा आकडा मात्र ल्युर ठणठणीत आहे असं गृहीत धरून ठरवलेला आहे. ल्युर निम्मी बिघडली असेल तर शेतात पतंग तेवढेच असूनही सापळ्यात 3 किंवा 4 दिसतील. आपण म्हणू, चला, यंदा प्रादुर्भाव कमी आहे. रिकाम्या सापळ्याचे दोन अर्थ होतात: शेतात पतंग नाहीत, किंवा ल्युर बोलायची थांबली आहे. यातला कुठला खरा, हे सापळा स्वतः सांगत नाही.

ऊन नेमकं काय करतं?

ऊन दोन वेगवेगळी कामं करतं, आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. एक उष्णतेचं, दुसरं प्रकाशाचं.

उष्णता रेणू मोडत नाही, ती त्यांना पळवते. रबराच्या गोळीतून गंध हळूहळू उडत असतो. जेवढा शिल्लक, त्या प्रमाणात बाहेर. तापमान वाढलं की हा वेग झपाट्याने वाढतो. म्हणजे रणरणत्या दुपारी, जेव्हा पतंग पानाआड गप्प बसलेले असतात, तेव्हा ल्युर आपला गंध उधळून टाकते, आणि रात्री पतंग उडतात तेव्हा तिच्याकडे कमी उरतं.

प्रकाशाचं काम जास्त खोलवरचं आहे. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात साधारण 290 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीची अतिनील किरणं असतात. 300 नॅनोमीटरच्या किरणाची ऊर्जा मोलमागे सुमारे 400 किलोज्यूल भरते. दोन कार्बन अणूंमधला साधा बंध तोडायला साधारण 350 पुरतात. म्हणजे हत्यार पुरेसं धारदार आहे. प्रश्न एवढाच की ते रेणूला लागतं का. किरण शोषला गेला तरच इजा होते.

हळदीचा डाग आठवा. पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला डाग साबणाने जात नाही, पण सदरा उन्हात वाळत घातला की फिका होतो. हळदीच्या रंगद्रव्यात एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते. ती प्रकाश शोषते आणि तुटते. दुसरं उदाहरण शेंगदाण्याच्या तेलाचं. पारदर्शक बाटलीत खिडकीपाशी ठेवलं की लवकर खवट होतं. तिथे प्रकाश ठिणगी टाकतो आणि पुढचं काम हवेतला ऑक्सिजन करतो. ल्युरमध्ये या दोन्ही गोष्टी घडू शकतात. फेरोमोनचे रेणू तेलासारखेच लांब साखळीचे, दुहेरी बंध असलेले असतात.

सगळे गंध सारखे नाजूक नसतात

हा भाग जरा बारकाईने पाहू, कारण उपाय त्यावर ठरतो. आपल्याकडच्या तीन किडी घेऊ.

पहिली गुलाबी बोंडअळी. तिच्या गंधाचं नाव गॉसिप्लुर, 1973 मध्ये ओळखला गेला. हे दोन जुळ्या रेणूंचं साधारण निम्मे-निम्मे मिश्रण आहे. 16 कार्बनची साखळी, 7व्या आणि 11व्या जागी दुहेरी बंध. 7व्या जागी दोन्ही रेणू कोपरातून वाकवलेल्या हातासारखे वाकलेले. 11व्या जागी एक वाकलेला, दुसरा सरळ. एवढाच फरक, पण नराला दोन्ही लागतात. यातले दुहेरी बंध एकमेकांपासून दूर आहेत, त्यामुळे हा रेणू स्वतः ऊन फारसं शोषत नाही. तिघांत हाच काटक. तरीही तो पूर्ण सुरक्षित नाही. ज्या रबरात किंवा प्लास्टिकमध्ये तो ठेवलाय त्यातली इतर द्रव्यं ऊन शोषतात, त्यातून अतिशय चंचल असे मुक्त मूलक तयार होतात, आणि ते शेजारच्या फेरोमोनवर तुटून पडतात.

दुसरी, सोयाबीन आणि भाजीपाल्यावर येणारी स्पोडोप्टेरा, म्हणजे तंबाखूची पानं खाणारी अळी. तिच्या गंधाच्या मुख्य रेणूत दुहेरी बंध 9व्या आणि 11व्या जागी, म्हणजे हळदीसारखे एकाआड एक. असा रेणू लवकर आकार बदलतो. वाकलेला सरळ होतो, सरळ वाकतो. वजन तेच, अणू तेवढेच, पण नराच्या मिशीला तो ओळखू येत नाही. इथे रबराचाही हात असतो. रबर पक्कं करताना गंधक वापरतात, आणि त्याचे अवशेष या अदलाबदलीला हातभार लावतात. म्हणून अशा गंधासाठी रबर निवडून, धुऊन घ्यावं लागतं.

तिसरी, हरभऱ्यावरची घाटेअळी. तिचा गंध अल्डिहाइड गटातला. हा गट सूर्यप्रकाशातला अतिनील भाग थेट शोषतो, आणि हवेतला ऑक्सिजन लागला की त्याचं आम्ल होतं. त्याला ऊन आणि हवा दोन्हींपासून जपावं लागतं.

संरक्षण कसं करतात?

कारखान्यात तीन प्रकारची तटबंदी करतात. पहिली म्हणजे अतिनील किरण गिळणारी द्रव्यं, उदाहरणार्थ बेंझोफिनोन गटातली. ती किरण स्वतः शोषतात आणि ती ऊर्जा निरुपद्रवी उष्णतेत बदलतात. दुसरी म्हणजे बी.एच.टी.सारखी ऑक्सिडीकरणरोधकं. ती मुक्त मूलकांपुढे स्वतःला झोकून देतात. अर्थात ती संपली की संरक्षणही संपलं. तिसरी म्हणजे रंगद्रव्य.

रंगद्रव्याची गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. काजळीसारखा काळा कार्बन मिसळला तर किरण आत शिरतच नाहीत. पण काळी वस्तू उन्हात तापते. प्रकाशापासून वाचवलं आणि उष्णतेच्या तोंडी दिलं, असं होतं. मग पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड घालावं तर ते तापत नाही, पण उघड्या रूपात हेच द्रव्य अतिनील प्रकाशात आसपासच्या सेंद्रिय रेणूंचं विघटन घडवून आणतं. म्हणून त्याचे कण दुसऱ्या थराने लेपून घ्यावे लागतात. एक दार लावताना दुसरं उघडत नाही ना, हे पाहणं, यातच या क्षेत्रातलं बरंचसं संशोधन आहे.

याशिवाय गंध पोकळ तंतूत, बंद नळीत, सूक्ष्म कुप्यांत किंवा मेणासारख्या लगद्यात भरण्याच्या पद्धती आहेत. त्या विशेष करून मिलनात अडथळा आणण्यासाठी वापरतात. तिथे पतंग पकडायचा नसतो, तर शेतभर गंध पसरवून नराला मादी सापडू द्यायची नसते. गॉसिप्लुर 1978 मध्ये अमेरिकेत या कामासाठी नोंदवला गेला. या कामासाठी नोंदणी झालेलं ते तिथलं पहिलं फेरोमोन. इथे टिकाऊपणाला आणखी महत्त्व, कारण आठवडाभर जरी गंध कमी पडला तरी त्या काळात माद्या अंडी घालून मोकळ्या होतात.

शेतात आपल्या हातात काय आहे?

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे सावली. अतिनील किरणांचा जोर सूर्य डोक्यावर असताना सर्वाधिक असतो. त्यामुळे ल्युरवर नीट बसलेलं अपारदर्शक झाकण बरंच काम करतं. पारदर्शक प्लास्टिकचं झाकण म्हणजे सावली नव्हे. पॉलिथीनमधून अतिनील किरणं सहज आरपार जातात. झाकण तुटलं, वाऱ्याने उडालं, तर सापळा तसाच ठेवू नका. ल्युर झाकणाच्या बाहेर लोंबकळत ठेवू नका.

दुसरी गोष्ट हंगामाची. ऑगस्टमध्ये ढग असतात, ल्युर बरी टिकते. ऑक्टोबरमध्ये आभाळ मोकळं होतं, ऊन भाजायला लागतं, आणि नेमकी तेव्हाच गुलाबी बोंडअळी वाढत असते. म्हणून पाकिटावर लिहिलेली मुदत ही कमाल समजा, आणि कडक उन्हाच्या दिवसांत ती पूर्ण संपायची वाट पाहू नका. बदलल्याची तारीख काठीवर किंवा झाकणावर लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट साठवणीची. पाकीट फोडेपर्यंत थंड जागी, शक्य तर फ्रीजरमध्ये. चांदीसारख्या चमकत्या पाकिटातच ठेवा, ते हवा आणि प्रकाश दोन्ही अडवतं. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर ठेवू नका.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: ल्युर बिघडली आहे का, हे शेतकऱ्याला कसं कळणार?*

तुलना करून. जुनी ल्युर एका सापळ्यात, ताजी दुसऱ्यात, दोन्ही एकाच शेतात पण एकमेकांपासून अंतर राखून. दोन-तीन रात्री पतंग मोजा, मग सापळ्यांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा मोजा. कारण बांधाजवळची जागा आणि मधली जागा यांत फरक पडतो. दोन्ही वेळा ताज्या ल्युरकडेच जास्त पतंग आले, तर जुनी संपली. दोन्हीकडे काहीच आलं नाही, तर पतंग खरोखर कमी आहेत असं जास्त विश्वासाने म्हणता येईल. खर्च एका ल्युरचा.

*प्रश्न: जुन्या ल्युर काढून शेतातच टाकल्या तर?*

टाकू नका. अर्धवट संपलेली ल्युरही थोडा गंध सोडत असते. ती ढेकळांत पडली तर नर तिच्याभोवती घुटमळतात आणि सापळ्यातली मोजणी चुकते. गोळा करून शेताबाहेर न्या. आणि हाताळताना हात स्वच्छ ठेवा. कीटकनाशकाचा किंवा तंबाखूचा हात ल्युरला लावू नये.

*प्रश्न: सापळा पानांच्या सावलीत खोल लपवला तर ल्युर जास्त टिकेल ना?*

ल्युर टिकेल, पण मोजणी बदलेल. शिफारस सापळा पिकाच्या शेंड्याच्या थोडा वर ठेवण्याची आहे, आणि 8 पतंगांचा आकडा त्याच पद्धतीला जोडलेला आहे. सापळा आत खोल नेला तर गंध पसरायची वाट बदलते, मग तो आकडा लागू पडेलच असं नाही. म्हणून सापळा शिफारशीच्या उंचीवरच ठेवा आणि सावली झाकणाने द्या. पीक वाढेल तसा सापळाही वर सरकवत जा.

वेळ संपत आली आहे, त्यामुळे इथे थांबतो. उद्या शेतात गेलात तर सापळ्यात किती पतंग पडले हे मोजण्याआधी झाकण वर करून ल्युरची तारीख तेवढी बघा.