जुन्या मोटारीची पावले

आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत जुनी वस्तू सहसा टाकून देत नाहीत. आजोबांचा पानाचा डबा, पणजीची समई, भिंतीवरची म्यानात गंजलेली तलवार, सारे जपून ठेवलेले असते. काही थोड्या घरांत या वस्तूंच्या जोडीला आणखी एक ऐवज असतो: पडवीत ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली मोटार.

मोटारीचा शौक या शहराला नवा नव्हे. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची ६२० मैलांची कसोटी झाली. वाटेत सहा घाट होते. त्या कसोटीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉईस गाडी पहिली आली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. घाट ओलांडणाऱ्या त्या इंजिनाचे कौतुक आजवर पुष्कळांनी केले. ज्या चाकांवर ते घाट ओलांडले गेले त्यांच्या टायरांची आठवण कोणी काढीत नाही. वास्तविक त्या काळी टायर हाच मोटारीचा सर्वांत दुबळा अवयव होता. टायरच्या रबरात काजळी मिसळली असता ते कितीतरी अधिक टिकते, ही युक्ती १९१० नंतर रुळली. त्यापूर्वीचे टायर पांढुरके असत आणि पाहता पाहता झिजून जात.

टायरकडे दुर्लक्ष करण्याची ही खोड अजून गेलेली नाही. जुनी मोटार घेणारा गृहस्थ प्रथम रंग पाहतो, मग बॉनेट उघडून इंजिन पाहतो, भोंगा वाजवून पाहतो. खाली वाकून टायर पाहणारा विरळा. आणि मोटारीचा जमिनीशी जो काही संबंध आहे तो तर चार तळहातांएवढ्या जागेपुरताच असतो! ब्रेक कितीही चांगले असोत, थांबविण्याचे काम अखेर त्या चार तळहातांनीच करावयाचे असते.

मी पेशाने संगीतशिक्षक. दरबारी गवयाचा मुलगा, त्यांचे उतारवयातले अपत्य. मोटारीच्या या गोष्टीत माझा काय अधिकार, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, आमच्या हरिशंकरपुरमात राहणाऱ्या माझ्या एका बालमित्राकडे त्याच्या चुलत आजोबांची एम. जी. मोटार वारसाहक्काने आली आणि तिच्यासाठी टायर निवडण्याच्या कामात गेले तीन महिने मी त्याच्याबरोबर होतो.

ही एम. जी. म्हणजे टी. डी. जातीची, दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी गाडी. १९४९ ते १९५३ या काळात इंग्लंडात ॲबिंग्डन येथे या जातीच्या सुमारे तीस हजार गाड्या तयार झाल्या आणि त्यांतील बहुतेक अमेरिकेत गेल्या. आपल्याकडे आल्या त्या अगदी मोजक्या. मित्राचा बेत असा की, जुन्या मोटारींच्या एका फेरीत ही गाडी शिवपुरीपर्यंत न्यावयाची, आणि ती स्वतः हाकावयाची, शेजारी कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला बसवून. म्हणजे टायरचा प्रश्न केवळ हौसेचा राहिला नव्हता.

परगावच्या एका विक्रेत्याने त्याला चार टायर पाठविले होते. माप बरोबर, ५.५०-१५. नक्षी खोल, काळे कुळकुळीत रबर, पट्ट्यावरचे कागदसुद्धा शाबूत. “एकदाही न वापरलेले, कोरे,” असे विक्रेत्याने कळविले होते आणि ते खोटेही नव्हते. मित्राचे काका तर ते पाहून हरखूनच गेले. आमच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री मात्र काही न बोलता खाली बसले आणि टायरची बाजू हाताने पुसून अक्षरे वाचू लागले. मग त्यांनी मला जवळ बोलाविले. “मास्तरसाहेब, हा आकडा वाचा बरे.” लांबट चौकटीत तीन आकडे होते: ४१७.

वाचकहो, प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. २००० सालापासून टायरच्या बाजूवर तो कोणत्या आठवड्यात तयार झाला हे चार आकड्यांत लिहिलेले असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे पुष्कळदा एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला गेली असेल तर खाली वाकून पाहावे लागते. त्यापूर्वी तीनच आकडे असत: दोन आठवड्याचे, एक सालाचा. तेव्हा ४१७ म्हणजे एक्केचाळिसावा आठवडा आणि शेवटी सात असलेले साल. १९९७, नाही तर १९८७. कोरे म्हणून आलेले टायर मित्राच्या मुलीपेक्षा वयाने वडील निघाले.

“पण वापरलेच नाहीत ना?” काकांनी विचारले. त्यांचा प्रश्न स्वाभाविक होता, कारण आपण झीज ओळखतो, वय ओळखत नाही. रबर कपाटात ठेवले तरी हवेतला प्राणवायू त्याला लागतच असतो. ओझोन वायूने त्याच्या अंगावर बारीक भेगा पडतात. उष्णतेने ही क्रिया वाढते. आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा तर पारा ४५ अंशांवर नेणारा! वरून नक्षी शाबूत दिसते, परंतु आतल्या दोऱ्यांशी रबराची असलेली पकड सुटत जाते. उभ्या गाडीला हे कळत नाही. ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने, तापलेल्या डांबरावर, अर्धा तास धावल्यानंतर ते कळते, आणि तेव्हा टायरचा वरचा पट्टा सोलून निघतो. रोजच्या गाडीचे टायर म्हातारे होण्यापूर्वीच झिजतात. हौसेची गाडी वर्षातून चार वेळा निघते, म्हणून तिचे टायर झिजण्यापूर्वीच म्हातारे होतात. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की टायर बदलावा, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. या गाड्यांच्या बाबतीत तो अपुरा पडतो.

जगाने याचे एक दारुण उदाहरण पाहिले आहे. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात पोर्शे कंपनीच्या कॅरेरा जी. टी. या भारी स्पोर्ट्स गाडीला अपघात होऊन अमेरिकन नट पॉल वॉकर आणि गाडी चालविणारा त्याचा मित्र असे दोघेही ठार झाले. तपासात अतिवेग हे कारण ठरले. परंतु गाडीचे टायर नऊ वर्षांचे जुने होते, हीदेखील नोंद झाली. नऊच वर्षे! पुष्कळ मोटार कारखाने सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात, आणि दहा वर्षांपलीकडे टायर ठेवू नये असे टायर बनविणारेच सांगतात.

ते चार टायर बाजूला पडले. आता नवे कोणते घ्यावयाचे? कोणी म्हणाले, “चाक पंधरा इंची आहे, अँबॅसडरचे ५.९०-१५ चढवा, कुठेही मिळतील.” येथे माझ्यातला संगीतशिक्षक जागा झाला. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत स्वर तेच पाच: षड्ज, ऋषभ, गंधार, पंचम, धैवत. म्हणून भूप म्हणजे देशकार होत नाही. एकाचा वादी गंधार, दुसऱ्याचा धैवत. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी गावयाचा, दुसरा सकाळी. टायरच्या मापाचेही असेच आहे. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात आलेली जॅग्वार एक्स. के. १२० ही ताशी १२० मैल धावणारी गाडी, तिच्या टायरचे माप ६.००-१६. आपल्याकडच्या जुन्या जीपचे मापही ६.००-१६! चाकावर दोन्ही बसतील. पण जीपचा टायर चिखलातून, शेतातून ओझे ओढण्यासाठी केलेला. तो जॅग्वारला चढवून वेगात वळण घेणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. माप जुळले म्हणजे टायर जुळला असे नव्हे. त्याने किती भार सोसावा आणि किती वेगाने धावावे, हे पाहिलेच पाहिजे.

तेही बाजूवर लिहिलेले असते. मापानंतर येणारा आकडा भाराचा: ८० म्हणजे एका टायरवर ४५० किलो, ८४ म्हणजे ५००. त्यापुढचे अक्षर वेगाचे: ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटर, ‘टी’ म्हणजे १९०, ‘एच’ म्हणजे २१०. एम. जी. टी. डी.चा कमाल वेग सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तेव्हा तिला ‘एस’ अक्षर पुष्कळ झाले.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक. जुन्या टायरांत दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे घातलेले असत. त्यांना क्रॉस-प्लाय म्हणतात. रेडियल टायरांत दोरे काठापासून काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि वर पोलादी पट्टा असतो. मिशेलिनने याचे पेटंट १९४६ साली घेतले. रेडियल टायर ओल्या रस्त्यावर अधिक धरतो, कमी तापतो आणि सरळ चालतो. क्रॉस-प्लाय टायर घसरण्यापूर्वी हळूहळू सूचना देतो, आणि १९५० च्या सुमाराच्या गाडीची सारी रचना त्यालाच धरून केलेली आहे. दोन्ही चालतात, जे चालत नाही ते मिश्रण. एकाच आसावर एक रेडियल आणि एक क्रॉस-प्लाय कधीही नसावा. आणि पुढे रेडियल, मागे क्रॉस-प्लाय हा प्रकार तर सर्वांत घातक: वळणावर पुढची चाके धरून ठेवतात, मागची सुटतात आणि गाडी स्वतःभोवती गरकन फिरते.

“मग आजचे रुंद, बुटके टायरच का घालू नयेत? ते सर्वांत चांगले,” असे मित्राच्या मुलीने विचारले. मिस्त्री हसले. जुन्या गाडीची रिम अरुंद. तिच्यावर रुंद टायर नीट बसत नाही, सुकाणू जड होते, टायर मडगार्डला घासतो. शिवाय वाजवीपेक्षा अधिक पकड मिळाली की तिचा ताण बेअरिंगवर आणि तारांच्या चाकांतल्या तारांवर पडतो. सत्तर वर्षांच्या हाडांनी तो सोसावा कसा? म्हाताऱ्या गवयाला तरुण तबलजी द्यावा, पण त्याने द्रुत लयीत ओढत नेऊ नये.

अखेर आम्ही मूळ उंचीच्या जवळ जाणारा, उंच बाजूचा रेडियल टायर ठरविला, १६५ रुंदीचा, पंधरा इंची. पाचही सारखे, स्टेपनीसह. त्यांत ट्यूब नवी आणि रेडियलला चालणारीच घातली. नव्या टायरात जुनी ट्यूब घालणे ही काटकसर नव्हे. ज्यांच्या गाडीला तारांची चाके आहेत त्यांनी तारांच्या टोकांवर रबरी पट्टी घालण्यास विसरू नये, नाही तर ट्यूब आतूनच कापली जाते.

मिळण्याची अडचण खरी आहे. आग्र्याच्या रस्त्यावर बानमोरला जे. के. टायरचा मोठा कारखाना आहे, पण कोणताही मोठा कारखाना खपाची मापे काढणार. चार हौशी लोकांसाठी तो साचे बनविणार नाही. युरोपात मिशेलिन, पिरेली या कंपन्या जुन्या नक्षीचे टायर नव्या रबरात अजून काढतात. मात्र २०२० साली आपल्या सरकारने नव्या टायरांच्या आयातीवर बंधन घातले; म्हणून मागविण्यापूर्वी चालू नियम विचारून घ्यावा. गाडीच्या नोंदणीचेही तसेच. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्ही. ए.’ अक्षरांची वेगळी मालिका दिली. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, इंधन आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही.

टायर घेतल्यावरही काम संपत नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. कमी हवेचा टायर आतून तापतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहावयाची असेल तर ती लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवावी, म्हणजे एकाच जागी दाबून टायर चपटा होणार नाही. आणि घरच्या वहीत टायरांची जन्मतारीख लिहून ठेवावी.

काकांची एक तक्रार मात्र शेवटपर्यंत राहिली: “मूळ गाडीचे मूळपण गेले.” ही तक्रार मी हलकी मानीत नाही, आपल्या घरांतून ती दर पिढीत उठते. जयविलास प्रासादाच्या संग्रहालयात बी. एम. डब्ल्यू. कंपनीची चिमुकली इझेटा मोटार उभी आहे. तिच्या टायरांना कोणी वय विचारू नये, कारण तिला कोठे जावयाचे नाही. जिला रस्त्यावर जावयाचे आहे तिचा न्याय निराळा. माझ्या वडिलांचा मिरजेचा तंबोरा आमच्या घरी आहे. भोपळा तोच, दांडी तीच, घोडी तीच. तारा मी स्वतः कितीदा बदलल्या याची गणती नाही. वडिलांच्या हातची तार जपून ठेवली असती तर ती आठवण राहिली असती, पण तंबोरा मुका झाला असता. काय जपावयाचे आणि काय बदलावयाचे हे ओळखणे, यालाच आम्ही गाण्यात परंपरा म्हणतो.

तंबोऱ्याची जुनी तार तुटली तर फार तर बैठक क्षणभर थांबते. टायरच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही. म्हणून ज्यांच्या पडवीत अशी एखादी गाडी झाकून ठेवली आहे त्यांना एवढीच विनंती की, येत्या दसऱ्याला तिला हार घालण्यापूर्वी गुडघे टेकून खाली बसावे, चाकाची धूळ पुसावी आणि ते चार आकडे वाचावे. तीनच असतील तर हार घालावा, पूजा करावी. पण नवे टायर येईपर्यंत गाडी दाराबाहेर काढू नये.