एक फ्लॅट की चार बिऱ्हाडे?

निवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा माझ्यापुढे दोन वाटा होत्या. पुण्यात एक फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचा, की नाशिकला चार स्वतंत्र बिऱ्हाडांचे जुने दुमजली घर घ्यायचे. दोन्हींची किंमत जवळपास सारखी. आईचा घरखर्च आणि औषधपाणी या भाड्यावर चालायचे होते, त्यामुळे चूक परवडणारी नव्हती.

ऐकता ऐकता तोंडी करता येईल असा हिशेब सांगतो. आकडे सोयीसाठी गोल धरू. फ्लॅटचे भाडे महिना २०,००० रुपये. चार बिऱ्हाडांचे प्रत्येकी ५,०००. वर्षाकाठी दोन्हीकडे २,४०,०००. फ्लॅट दोन महिने रिकामा राहिला, की ४०,००० गेले आणि त्या दोन महिन्यांत हाती काहीच नाही. एक बिऱ्हाड तेवढेच दिवस रिकामे राहिले, तर १०,००० जातात. बाकीचे १५,००० दरमहा येत राहतात.

मलाही हे ऐकून लगेच नाशिकची गाडी पकडावीशी वाटली होती. पण वर्षभरात चारही बिऱ्हाडे आळीपाळीने दोन-दोन महिने रिकामी राहिली, तर तोटा पुन्हा ४०,०००च! तो कमी होत नाही, नुसता विभागला जातो. चारही भाडेकरू एकाच कारखान्यातले असतील, तर विभागलाही जात नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि पुण्यात विद्यार्थ्यांच्या भरवशावर चालणाऱ्या खोल्या एकदमच ओस पडल्या, हे आपण पाहिले आहे.

दुरुस्तीचे गणित मात्र सरळ फ्लॅटच्या बाजूचे आहे. गच्ची, पंप, पाण्याची टाकी सोसायटी सांभाळते. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल ती जादा आकार घेते खरी, पण २००१ च्या सरकारी आदेशाने त्यावर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. घराला असा वाली नसतो. प्राप्तिकरात घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर ३० टक्के वजावट मिळते, पण खर्च कितीही झाला तरी तेवढीच. जुन्या घराचा एखादा पावसाळा ती सहज गिळतो.

शिवाय १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. चार बिऱ्हाडे म्हणजे चार करार, अकरा-अकरा महिन्यांनी. पाण्यावरून होणारी भांडणे वेगळीच. त्यांची नोंदणी नसते एवढेच.

अखेर मी नाशिकचे घर घेतले. आईला एकही महिना कोरडा जाऊन चालणार नव्हता. भाडेकरू निवडताना एकच पथ्य पाळले : दोघांचा धंदा एक नको. अंबडच्या कारखान्यातला एक, एक शिक्षिका, एक किराणा दुकानदार, एक रिक्षावाला. भाड्यातले दरमहा ३,००० दुरुस्तीसाठी आधीच बाजूला काढतो. पहिल्याच पावसाळ्यात जिन्याच्या छताने त्यातले सगळे मागून घेतले. त्या महिन्यात आईची औषधे मात्र वेळेवर आली.